गाभ्यातील गळती : भुर्दंड कोणी सोसायचा?

नोव्हेंबर २०१९ मध्ये संगणकांतील सुरक्षा-दोषांच्या जागतिक नोंदवहीत ‘सीव्हीई-२०१९-१९०६४’ या क्रमांकाची एक नोंद झाली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नेलमधील, एका ड्रायव्हरमध्ये स्मृतीची गळती होते आणि तिचा फायदा घेऊन एखादा हल्लेखोर यंत्राची स्मृती खाऊन टाकू शकेल, असा तिचा आशय होता. मात्र त्याच नोंदीच्या शेवटी एक पुस्ती जोडलेली आहे. हे अपयश यंत्रभागाची प्रथम ओळख पटविण्याच्या क्षणी घडते आणि ते घडवून आणणे हल्लेखोराच्या हाती वास्तवात असू शकत नाही, म्हणून या दोषाचे महत्त्व इतरांना मान्य नाही, असे ती पुस्ती सांगते. आरोप आणि आरोपाचा इन्कार एकाच नोंदीत एकत्र नांदत असल्याचे हे उदाहरण अपवादात्मक नव्हे. त्याच सुमारास अशाच प्रकारच्या कित्येक गळत्यांना लागोपाठचे क्रमांक मिळाले आणि त्यांपैकी काहींवर असाच आक्षेप नोंदविला गेला.

हा वाद केवळ तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. लिनक्सचा कर्नेल आज अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाईल संचात आहे, आणि भारतातील दहा स्मार्टफोनांपैकी नऊहून अधिक अँड्रॉइडचे आहेत. शिक्षकाचा पगार ज्या फोनवर जमा झालेला दिसतो, विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र ज्यावर उतरते, त्याच्या तळाशी हाच गाभा काम करीत असतो. त्या गाभ्यातील एखादा दोष किरकोळ की गंभीर, हे कोणी ठरवायचे आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मुळात अर्थशास्त्रीय आहे.

कर्नेल म्हणजे संगणकाचे कोषागार होय. स्मृतीची पाने, यंत्रभागांचा ताबा, निरनिराळे परवाने ही सारी मर्यादित साधने त्याच्या हवाली असतात आणि मागणी येईल तशी तो ती वाटून देतो. ड्रायव्हर हा याच कोषागाराच्या आत बसून एखाद्या विशिष्ट यंत्रभागाशी, कॅमेऱ्याशी वा बिनतारी संचाशी, व्यवहार करणारा प्रोग्रॅम. सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ‘तसलमात’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दौऱ्यासाठी किंवा खरेदीसाठी आगाऊ रक्कम उचलायची, काम झाल्यावर हिशेब सादर करायचा आणि उरलेली रक्कम परत भरायची. काम यथासांग पार पडले तर हिशेब सहसा बिनचूक होतो. घोटाळा होतो तो दौरा मध्येच रद्द झाला म्हणजे. प्रवासाची रक्कम उचलली, मुक्कामाची उचलली, आणि तिसऱ्या टप्प्यावर आदेश आला की जाऊ नका. पहिल्या दोन टप्प्यांत उचललेले परत भरण्याचे मग कोणाच्याच लक्षात राहत नाही. ड्रायव्हरमधील पुष्कळशा गळत्या नेमक्या याच जागी होतात.

ड्रायव्हर सुरू होताना तो एकामागून एक अनेक गोष्टी कर्नेलकडून उचलतो. चौथी गोष्ट मिळाली नाही तर तिसरी, दुसरी आणि पहिली, अशा उलट क्रमाने परत करून त्याने बाहेर पडावयाचे असते. परंतु प्रयोगशाळेत यंत्रभाग धडधाकट असतात. चौथी पायरी तेथे क्वचितच चुकते, आणि म्हणून अपयशाची ही वाट लिहिली गेली तरी तिच्यावरून कोणी चालून पाहत नाही. १९०६४ क्रमांकाच्या नोंदीतील ड्रायव्हर फ्रीस्केल कंपनीच्या चिपमधील एका जोडणीचा होता. त्याच्या दुरुस्तीच्या टिपणावरून असे दिसते की, अपयशाच्या एक सोडून बाकी सर्व प्रसंगी उचललेले नीट परत होत होते. फक्त झोपलेल्या यंत्रभागाला जागे करण्याचा प्रयत्न फसला, तर ड्रायव्हर परतफेडीच्या वाटेकडे न वळता थेट बाहेर पडत होता. गळती होती ती एवढीच.

यावर कोणी म्हणेल की, घरगुती प्रोग्रॅममध्येही असे होत असेल, मग कर्नेलचीच एवढी चिंता कशाला? फरक मूलभूत आहे. साधा प्रोग्रॅम कितीही उधळ्या असला तरी तो बंद झाला की कर्नेल त्याच्या नावावरची सगळी स्मृती जप्त करून पुन्हा खजिन्यात भरतो. कर्नेलच्या आतच गळती झाली, तर जप्ती करणारा वरिष्ठ कोणी उरत नाही. उचललेले पान कोणाच्या नावावर आहे हे विसरले गेले की ते यंत्र बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत कोणाच्याही उपयोगी पडत नाही. घरातील फोन अधूनमधून बंद करून सुरू करता येतो. रुग्णालयातील, वीज केंद्रातील किंवा बँकेच्या मध्यवर्ती कचेरीतील यंत्रे मात्र महिनोन्‌महिने अखंड चालवावयाची असतात, आणि थेंबाथेंबाने होणाऱ्या गळतीला काळ हाच सर्वांत मोठा साथीदार लाभतो.

थेंबाथेंबाने काय होते

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचा अनुभव या संदर्भात आजही लक्षात घेण्यासारखा आहे. त्या सेवेने ऑक्टोबर १९९२ च्या अखेरीस रुग्णवाहिका पाठविण्याचे सारे काम संगणकावर सोपविले. पहिल्या दोन दिवसांतच त्या योजनेचा बोजवारा उडाला आणि अर्धे काम पुन्हा हाताने करावे लागले. परंतु खरा शेवट झाला तो ४ नोव्हेंबरच्या पहाटे. यंत्रणा आधी मंदावली आणि मग पूर्णपणे थिजली. पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नही व्यर्थ गेला आणि कर्मचाऱ्यांना कागद-पेन्सिलीकडे वळावे लागले. १९९३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने त्याचे कारण नोंदविले आहे. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅमरने काम करताना संकेताचा एक तुकडा यंत्रणेत तसाच राहू दिला होता. प्रत्येक वेळी गाडी रवाना करण्याचा आदेश निघाला की तो तुकडा मध्यवर्ती यंत्राची थोडीशी स्मृती घेई आणि सोडीत नसे. तीन आठवड्यांत सारी स्मृती संपली. ही गळती कर्नेलमधील नव्हती. परंतु तिची चाल तीच होती.

वीस वर्षांनी, २२ ऑक्टोबर २०१२ रोजी, ॲमेझॉन कंपनीच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात याच जातीचा प्रसंग घडला आणि त्याच्या आधारे चालणारी अनेक नामांकित संकेतस्थळे बंद पडली. तेथे माहिती गोळा करणारे एक यंत्र बिघडले म्हणून बदलण्यात आले. नव्या यंत्राचा पत्ता सर्वत्र पोचला नाही. काही साठवण-यंत्रे जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहिली आणि प्रत्येक अयशस्वी ठोठावण्यागणिक त्यांच्यातील एक दुय्यम प्रोग्रॅम थोडी स्मृती गिळत राहिला. पत्ता बरोबर होता तोवर हा दोष कोणाला दिसलाच नव्हता. तो अपयशाच्या वाटेवर दबा धरून बसलेला होता.

आता जे लोक अशा गळत्यांना किरकोळ समजतात त्यांची बाजू अशी की, या दोन्ही प्रसंगी यंत्रणा बंद पडली, पण कोणी चोर आत शिरला नाही. गळती म्हणजे फार तर गैरसोय. सुरक्षेचा भंग नव्हे. वरवर पाहता हे म्हणणे सयुक्तिक वाटते. ते २०१६ च्या जानेवारीत खोटे ठरले.

एखादी वस्तू किती जण वापरत आहेत याची गणती कर्नेल ठेवतो. वापरणारा आला की एक वाढवायचा, गेला की एक कमी करायचा, आणि गणती शून्यावर आली म्हणजे वस्तू मोडीत काढून तिची जागा दुसऱ्याला द्यायची. कर्नेलमध्ये किल्ल्या सांभाळणारा एक विभाग आहे. एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःकडे असलेलाच किल्ल्यांचा जुडगा पुन्हा मागितला, तर हा विभाग गणती एकाने वाढवी आणि कमी करण्यास विसरे. इस्राएलमधील परसेप्शन पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी हीच मागणी पुन्हा पुन्हा केली. ती गणती ठेवण्यासाठी बत्तीस द्विमान अंकांची जागा होती. ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ वेळा वाढविल्यावर जुन्या स्कूटरच्या मैलमापकाप्रमाणे ती पुन्हा शून्यावर आली. कर्नेलने समजूत करून घेतली की जुडगा कोणीच वापरत नाही, आणि वापरात असलेली वस्तू मोडीत काढली. मोकळ्या झालेल्या त्या जागेत संशोधकांनी आपला मजकूर बसविला आणि यंत्राची सर्वोच्च सत्ता हस्तगत केली. त्यांच्या साध्या संगणकावर या साऱ्याला सुमारे अर्धा तास लागला. हा दोष २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये होता. त्याची झळ किती अँड्रॉइड फोनांना पोचेल याविषयी संशोधकांचा अंदाज गूगलला मान्य झाला नाही, ही गोष्ट वेगळी; दोष खरा होता याबद्दल दुमत नव्हते.

यानंतर कर्नेलकारांनी योजलेला उपाय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा आहे. २०१७ च्या ४.११ आवृत्तीत गणतीचा एक नवा प्रकार आला. ती गणती कमाल मर्यादेला पोचली की तेथेच गोठते; पुन्हा शून्यावर येत नाही. परिणामी ती वस्तू कधीच मोडीत निघत नाही, म्हणजे तिची स्मृती कायमची बुडते. चोराला दार उघडून देण्यापेक्षा ठरावीक रक्कम बुडीत खाती टाकणे पत्करले, असा हा सरळ व्यापारी निर्णय होय.

नियमच फसवा असेल तर

गळती झाली की प्रोग्रॅमरच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. परंतु पुष्कळदा दोष कारकुनाचा नसून नियमावलीचा असतो. यंत्रभागाला झोपेतून जागे करण्यासाठी लिनक्समध्ये ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ नावाची सोय आहे. ती प्रथम वापरणाऱ्यांच्या गणतीत एक मिळविते आणि मग यंत्रभाग जागा करण्याचा प्रयत्न करते. प्रयत्न फसला तर ती अपयश कळविते. परंतु मिळविलेला एक तसाच ठेवते. तसलमात नामंजूर झाली असे कळवावे, पण नोंदवहीत मात्र ती उचलल्याची नोंद राहू द्यावी, तशातला हा प्रकार. ज्याला रक्कम मिळालीच नाही तो परत भरायला कशाला जाईल? कित्येक ड्रायव्हर या सापळ्यात सापडले. अखेर डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत, अपयश आल्यास नोंदही आपोआप पुसून टाकणारी दुसरी सोय देण्यात आली आणि एकेका ड्रायव्हरमध्ये बदल करण्याचे कंटाळवाणे काम सुरू झाले.

अशा सोयी पूर्वीही झाल्या होत्या. २००७ पासून कर्नेलमध्ये अशी व्यवस्था आहे की, ड्रायव्हरने उचललेल्या साधनांची यादी कर्नेलच ठेवतो आणि ड्रायव्हर गेला की सारे परत घेतो. २००९ मध्ये गळत्या हुडकणारा एक शोधक कर्नेलमध्येच बसविला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये रस्ट या नव्या भाषेला कर्नेलमध्ये प्रवेश मिळाला. तिच्यात परतफेड ही लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नसून भाषेच्या रिवाजाचाच भाग आहे. (तथापि रस्टची हमी मोडीत निघालेली वस्तू पुन्हा वापरली जाणार नाही एवढीच आहे, गळती होणारच नाही असे वचन तीही देत नाही.) साधने आहेत, ज्ञान आहे, मग गळत्या संपत का नाहीत?

याचे उत्तर ड्रायव्हर कोण लिहितो आणि कशासाठी लिहितो यात आहे. कर्नेलच्या एकूण संकेतापैकी निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली दाखविले होते की, काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण ड्रायव्हरांमध्ये इतर भागांच्या तिप्पट ते सातपट आहे. दहा वर्षांनी प्रामुख्याने फ्रान्समधील संशोधकांनी हीच मोजणी पुन्हा केली, तेव्हा ड्रायव्हरांची स्थिती पुष्कळ सुधारलेली आढळली, हेही सांगितले पाहिजे. परंतु ही सुधारणा प्रामुख्याने कर्नेलच्या सार्वजनिक दप्तरात दाखल झालेल्या ड्रायव्हरांची आहे. यंत्रभाग बनविणाऱ्या कंपनीचे लक्ष माल बाजारात वेळेवर पोचविण्याकडे असते. ड्रायव्हर चालला की माल विकला जातो. अपयशाच्या वाटेवरची परतफेड बिनचूक आहे म्हणून एकही जादा नग खपत नाही. गळतीचा भुर्दंड पडतो तो पाच वर्षांनी, आणि तोही दुसऱ्याच्या यंत्रावर. कारखानदाराचा खर्च आणि समाजाचा खर्च यांत अंतर पडले म्हणजे काय होते, हे सांडपाणी नदीत सोडणाऱ्या कारखान्यांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

दुरुस्तीचे काम मग कोणाकडे येते? सार्वजनिक दप्तराचे राखणदार, काही मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते आणि विद्यापीठांतील संशोधक यांच्याकडे. अशा दुरुस्त्या पाठविणाऱ्यांत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे लोकही होते. त्याच विद्यापीठातील काहींनी २०२० मध्ये एक प्रयोग केला. किरकोळ दुरुस्तीचा बहाणा करून तिच्याआड नवा दोष पाठवायचा आणि राखणदार तो पकडतात का हे पाहायचे. हे उघड झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन या ज्येष्ठ राखणदाराने त्या विद्यापीठाकडून येणारे काम स्वीकारणेच बंद केले, आणि जुन्या ४३५ बदलांची फेरतपासणी हाती घेण्यात आली. त्यांपैकी ३४९ बरोबर होते. ३९ चुकीचे, म्हणजे दुरुस्त करावे लागणारे, निघाले. उरलेले या ना त्या कारणाने निकालात निघाले होते. या हिशेबाची खरी बाजू वेगळीच आहे. ते ३९ बदल कोणी दुष्टपणाने पाठविले नव्हते. सद्‌हेतूने केलेल्या दुरुस्तीतही चूक राहते आणि ती पाहण्यास माणसे अपुरी पडतात, एवढेच त्यातून दिसले. आणि ते पाहण्यासाठी कोणाला फसविण्याची मुळीच गरज नव्हती.

क्रमांकांची महागाई

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२४ मधील घटनांकडे पाहावे लागते. त्या महिन्यात लिनक्सच्या कर्नेल मंडळींनी आपल्या दोषांना सीव्हीई क्रमांक देण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. त्यांची भूमिका अशी की, कर्नेल यंत्राच्या इतक्या तळाशी असतो की त्यातील जवळजवळ कोणत्याही चुकीचा कोणीतरी कोठेतरी गैरवापर करू शकेल. कोणती चूक धोक्याची हे आधी सांगता येत नाही. म्हणून सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्यावा. परिणामी त्या एका वर्षात कर्नेलच्या वाट्याला तीन हजारांहून अधिक क्रमांक आले. त्यांत साध्यासुध्या गळत्यांची संख्या मोठी आहे. त्याच महिन्यात असे घडले की, अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था, जी प्रत्येक नोंद तपासून तिच्या गांभीर्याला गुण देत असे, तिचे काम मंदावले आणि न तपासलेल्या नोंदींचा ढीग साचू लागला. नाणी पाडण्याचा वेग वाढावा आणि कस लावणाऱ्याने त्याच वेळी दुकान अर्धे बंद करावे, असा हा योग.

याचा ताप कोणाला होतो तो पाहावा. बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या संगणक विभागातील कर्मचाऱ्याला लेखापरीक्षक विचारतो की, एवढ्या क्रमांकांपैकी किती बंद केलेत? त्यातला एखादा क्रमांक २०१६ च्या जातीचा असतो आणि शंभर १९०६४ च्या जातीचे. वरून पाहता सारे सारखेच. या कारणाने कर्नेल मंडळींवर टीका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण टीकाकारांचा एक गैरसमज आहे. सीव्हीई क्रमांक हा नोटेवरील अनुक्रमांक आहे. ते नोटेचे मूल्य नव्हे. अनुक्रमांकाला मूल्य समजून ज्यांनी नियम बनविले, क्रमांक मोजून ज्यांनी संशोधकांची योग्यता ठरविली, महागाई त्यांनीच ओढवून घेतली आहे. किल्ल्यांच्या जुडग्याची ती गळती शोध लागण्यापूर्वी कोणाच्या नजरेस पडली असती, तर तीही ‘महत्त्व अमान्य’ या पुस्तीसह दप्तरात पडून राहिली असती, हे नाकारता येत नाही. सर्वच दुरुस्त्या सर्वांनी वेळेवर घ्याव्यात, हा कर्नेल मंडळींचा सल्ला त्या दृष्टीने प्रामाणिक आहे.

मात्र तो सल्ला पाळण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते, आणि कर्नेल मंडळींची बाजू लंगडी पडते ती येथे. स्वतःची यंत्रे व अभियंते बाळगणारी कंपनी नवी आवृत्ती आठवड्यात घेऊ शकते. फोन विकत घेणारा लिपिक ती घेऊ शकत नाही. त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचण्यापूर्वी ती चिप बनविणाऱ्या कंपनीकडून फोन बनविणाऱ्या कंपनीकडे, आणि तेथून त्या विशिष्ट नमुन्याच्या फोनापर्यंत यावी लागते. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या पथकाने २०२२ मध्ये या साखळीचे एक बोलके उदाहरण दिले. आर्म कंपनीच्या माली या चित्र-प्रक्रिया चिपच्या ड्रायव्हरमध्ये त्यांना पाच दोष सापडले. त्यांपैकी तीन गळतीच्या बरोबर उलट जातीचे होते : कर्नेलला परत केलेली स्मृतीची पाने परत करणाऱ्याच्या हाती राहत होती. आर्मने जुलै-ऑगस्टमध्ये सर्व दोष दुरुस्त केले. नोव्हेंबरमध्ये पथकाने तपासले तेव्हा माली चिप असलेल्या एकाही चाचणी-फोनमध्ये ती दुरुस्ती पोचलेली नव्हती. ही चिप सॅमसंग, शाओमी, ओप्पो यांच्या आणि खुद्द गूगलच्याही फोनांत होती, म्हणजे भारतीय बाजारातील परिचित नावेच.

नोंदवहीची स्वतःची स्थितीही फार भक्कम नाही. सीव्हीईचा कारभार मायटर ही अमेरिकी संस्था तेथील सरकारशी झालेल्या कंत्राटावर पाहत आली. एप्रिल २०२५ मध्ये ते कंत्राट १६ तारखेला संपणार आणि पुढे काय हे ठरलेले नाही, असे उघड झाले तेव्हा जगभर धावपळ उडाली. ऐनवेळी अकरा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. साऱ्या जगाच्या दोषांची नोंद एका देशाच्या एका खात्याच्या अंदाजपत्रकातील एका तरतुदीवर विसंबून होती, हे त्या आठवड्यात प्रथमच अनेकांना कळले.

भुर्दंड खरेदीदाराकडून उत्पादकाकडे वळविण्याचा पहिला मोठा प्रयत्न युरोपीय संघाने केला आहे. तेथील सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला आणि त्यातील प्रमुख जबाबदाऱ्या ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाच्या आहेत. ज्या वस्तूत संगणकीय प्रोग्रॅम आहे तिच्या उत्पादकाने ती विकल्यानंतरही, वस्तूचे अपेक्षित आयुष्य कमी नसेल तर किमान पाच वर्षे, सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवाव्यात आणि ही मुदत ग्राहकाला खरेदीच्या वेळीच कळवावी, असे त्यात म्हटले आहे. धंद्यासाठी नव्हे तर हौसेने वा सेवाभावाने मुक्त संकेत लिहिणाऱ्यांवर हा बोजा पडू नये, ही खबरदारी त्यात घेतलेली आहे, आणि ती योग्यच आहे. सार्वजनिक विहीर उपसणाऱ्याला पाणीपट्टी लावण्यात अर्थ नसतो. कायद्याची कसोटी अंमलबजावणीत लागेल. छोट्या उत्पादकांना तो झेपेल का आणि वाढीव खर्च शेवटी किमतीतच मिसळला जाईल का, या शंका रास्त आहेत. खर्च किमतीत मिसळला तरी निदान तो खरेदीच्या वेळी दिसेल. आज तो दिसत नाही, इतकेच.

भारतात सीईआरटी-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना सहा तासांच्या आत कळविण्याचे बंधन घातले. हे बंधन सेवा पुरविणाऱ्या संस्था, कंपन्या, माहिती-केंद्रे आणि सरकारी कचेऱ्या यांच्यावर आहे. म्हणजे ज्यांच्या घरी गळती फुटते त्यांच्यावर. ज्याने नळ बसविला त्याने तो किती वर्षे दुरुस्त करावयाचा, याला तो आदेश हात घालीत नाही. डिसेंबर २०२७ नंतर पॅरिसमधील ग्राहकाला फोनच्या खोक्याबरोबर दुरुस्तीची अंतिम तारीख मिळेल. तसाच फोन पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर घेणाऱ्या ग्राहकाच्या पावतीवर सहसा एक वर्षाची हमी छापलेली असते. ती काच, बॅटरी आणि बटणे यांच्याविषयी असते.